लोटनची चाल

"लोटन, तोंड उघड!" शाळेच्या फाटकात धर्मेंद्र आप्पा ओरडले. "सकायमाच पीसन ऊना का रे?"

शाळेची बस फाटकाशी लावून उतरताना लोटनचा तोल गेला होता आणि तो आयाबापांच्या घोळक्यासमोर पडला होता. आत बसलेली पोरं काचेला नाक लावून बघत होती.

"मी पेत नही, आप्पा. तुमले माहीत शे. पाय जड व्हई गयात."

आप्पा संस्थेचे अध्यक्ष; त्यांनी त्याच्या हातातून बसची किल्ली काढून घेतली. इतकी वर्षं खेड्यापाड्यांतली पोरं सुखरूप ने-आण करणारा माणूस त्या सकाळी बेवडा ठरला.

मग गावालाही तेच दिसू लागलं. लोटन पाय फाकवून, भिंत धरून चालायचा. पानटपरीवर लोक हसायचे. शर्टाचं बटण त्याला लागेना, चहाचा कप हातातून सुटे. तो घरात आला की बायको, बेबीबाई, जवळ येऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास कधीच आला नाही. तरी ती घेत राहिली आणि तो मुकाट उभा राहिला. नंदुरबारच्या एका डॉक्टरने तर हातही न लावता विचारलं, "घेता किती?" लोटन नाही म्हणाला, तर डॉक्टर हसला आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

शेवटी बेबीबाईच्या भावाने त्याला सुरतला नेलं. तिथल्या सर्जनने गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, त्याला चालवून पाहिलं आणि लगेच मानेचा एमआरआय करायला लावला. मानेच्या मणक्यात गाठ होती, लाखात एखाद्याला होणारी. ती वाढत वाढत मज्जारज्जूवर दाब देत होती. झोकांड्या जात होत्या त्या याच दाबाने.

ऑपरेशन दिवसभर चाललं. गाठ निघाली, पोखरलेल्या मणक्याच्या जागी धातूचा आधार बसवला. पाय हळूहळू परत आले. डावा हात आला नाही.

"कुछ महीने पहले लाते, तो हाथ भी बच जाता," सर्जन म्हणाले.

बेबीबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. सगळ्या गावाने त्याच्या तोंडाचा वास घेतला होता, तिनेही. मान कोणी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर आप्पा सफरचंदं घेऊन भेटायला आले.

"जे व्हयनं ते व्हई गय, वहिनी. लोटनले शाळाना गेटवर वॉचमन म्हनीसन बसाडी देसू."

"आप्पा, तुम्ही यास्ले लोकसमोर बेवडा म्हनात. आते त्याच लोकसमोर सांगा, हाऊ मानूस पेत नही."

"पालकससमोर? शाळानी इज्जत शे, वहिनी."

"आनि यास्नी?"

आप्पा उठून निघाले. बेबीबाईने सफरचंदांची पिशवी त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर नेऊन ठेवली.

पालकसभेच्या दिवशी दोघं न बोलावता गेली. लोटन सभागृहाच्या मधल्या वाटेने सावकाश पुढे गेला. कुणाचा आधार घेतला नाही. व्यासपीठासमोर उभं राहून बेबीबाईने सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, हात.

"आते तुम्ही बोला, आप्पा."

आप्पा टेबलावरचे कागद नीट लावू लागले. पहिल्या रांगेतली सुषमा उठली. तिची मुलगी लोटनच्याच बसने यायची. तिने आपली खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, लोटनभाऊ."

"ऱ्हाऊ दे, माय. माले उभं ऱ्हावता येस."

आप्पांनी माईक हातात घेईपर्यंत तो उभाच होता. उजव्या हाताने डावा हात सांभाळत.