चांगल्या पायाची उडी

मामीला मामी म्हणण्याचा हक्क असलेली भाची तशी एकच. पण ती पहिल्याच दिवशी कुबड्यांवर दवाखान्यात शिरली ती "मामी!" अशी हाक मारत, आणि आठवडाभरात तिथल्या ट्रेनरबाईंना सगळेच मामी म्हणू लागले. खांदा निखळलेला गोळाफेकवाला मामी म्हणे, गुडघे कुरकुरणारे पेन्शनर आजोबा मामी म्हणत, आणि शेवटी खुद्द डॉक्टरांच्याही तोंडी तेच बसलं. इतकी वर्षं खेळाडूंचे हातपाय चोळण्यात, त्यांना उठवण्या-बसवण्यात घातली, पण ट्रेनरबाईंचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. भाचीने एका हाकेत बारसं उरकून टाकलं.

भाची व्हॉलीबॉल खेळायची. लांबच लांब पाय आणि एका जागी क्षणभर टिकायची नाही, म्हणून घरात तिचं नाव नाकतोडा. एका सामन्यात उडी मारून खाली आली ती वेडीवाकडी, आणि उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, आणि पुढचे आठ-नऊ महिने मामीने तिला अक्षरशः पहिल्यापासून चालायला शिकवलं. टाच आधी, मग चवडा. गुडघा आत नको पडायला. पोरीने रडून घेतलं, शिव्या घातल्या, आणि सगळं केलं. हाडाची खेळाडू, त्यात वाद नाही.

आता संघाची निवड तोंडावर आली होती. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं: मामीने चाचणी घ्यायची, पाय पास झाला तर ते परवानगी देतील. चाचणी म्हणजे काय, तर लंगडी. आधी चांगल्या पायावर उभं राहायचं, जिवाच्या आकांताने पुढे एक उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि स्थिर राहायचं. अशा तीन उड्या, त्यातली सगळ्यांत लांब ती धरायची. मग तेच दुखऱ्या पायावर. दुखरा पाय चांगल्या पायाच्या जवळपास पोचला तर खेळायला मोकळं, नाही तर घरी बसा.

नणंदबाईंना हे काही केल्या पटत नव्हतं. लंगडी घालायला लावण्यासाठी एवढं शिकावं लागतं का, असं त्या आपल्या भावाला विचारून चुकल्या होत्या. आणि आदल्या रात्री फोन करून मामीलाच स्पष्ट सांगितलं होतं की माझ्या लेकीची ही निवड हुकली, तर तुझा-माझा संबंध संपला. मामीचा नवरा बिचारा इकडे आड तिकडे विहीर. तो जेवण होताच गुपचूप झोपायला गेला.

चाचणीच्या सकाळी भाची केस घट्ट बांधून आली. मामीने रबरी जमिनीवर टेप पसरली, हातात खडू घेतला. डाव्या पायाच्या तीन उड्या झाल्या, मग उजव्याच्या तीन. उजवा जवळजवळ डाव्याला जाऊन भिडला. भाची घामाघूम होऊन हसत होती. झालं की! गंगेत घोडं न्हालं.

पण मामीचा खडू काही उठेना. ती खाली बसून खुणांकडे बघत राहिली. डाव्या पायाच्या तिन्ही खुणा एकमेकींवर बसल्या होत्या, अगदी मोजून मारल्यासारख्या. जीव खाऊन मारलेली उडी अशी कधी पडत नाही. एक पुढे जाते, एक मागे राहते, एखाद्या वेळी माणूस तोंडावर आपटता आपटता वाचतं. उजव्या पायाच्या उड्या तशाच पडल्या होत्या, इकडेतिकडे, हात हवेत फिरवत, धप्पकन. डावा मात्र मांजरासारखा आवाज न करता उतरला होता. पोरीने चांगल्या पायाची उडी राखून मारली होती, म्हणजे दुखरा आपोआप बरोबरीला आला.

खोटं तर खोटं, पण केलं होतं घरच्याच पोरीने. मामीने गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. डॉक्टर परवानगी देतील, नणंदबाई फोनवर गोड बोलतील, नवरा सुखाने जेवेल. आणि एक दिवस जाळीजवळ उडी मारून पोर खाली येईल तेव्हा तो अर्धकच्चा गुडघा कुणाचं नातं बघणार होता?

ती उठली, कोपऱ्यातल्या जाळीतून एक चेंडू काढला आणि सहज म्हणाली, चल, जरा मोकळी हो, डाव्या पायावर उभी राहा आणि झेल. दोन-तीन चेंडू सरळ हातात टाकले. भाची खुलली. मग मामीने एक चेंडू मुद्दाम लांब, हाताबाहेर फेकला. नाकतोडाच तो! चेंडू सुटतोय म्हटल्यावर पोरीला चाचणीही आठवली नाही आणि मामीही. ती डाव्या पायावर झेपावली, चेंडू छातीशी धरला आणि त्याच पायावर धप्पकन उतरली. खडूच्या खुणा पार मागे राहिल्या होत्या.

खाली बघितलं तेव्हा तिचं तोंड उतरलं.

"मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

"हो. तूही मुद्दामच केलंस."

मग बांध फुटला. सगळ्याच करतात, ती रडत म्हणाली, संघातल्या मोठ्या मुलींनीच शिकवलंय. तू घरची ना? मग तुला काय पडलं होतं? मामी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मला फसवलंस, चालेल," ती म्हणाली. "डॉक्टरांना फसवशील, तेही चालेल. गुडघ्याला कसं फसवणार आहेस?"

परवानगी मिळाली नाही. निवड झाली, संघ भाचीला न घेता गेला. नणंदबाईंचा फोन आला तो भावाला, पण आवाज एवढा की मामीला स्वयंपाकघरात ऐकू यावा. शत्रू परवडला, म्हणाल्या, घरचा माणूस घात करतो. मामीने भाजी करपवली आणि तशीच वाढली. नवऱ्याने निमूटपणे खाल्ली.

भाची बरेच दिवस फिरकली नाही. दवाखान्यातले आजोबा रोज विचारायचे, मामी, तुमचा नाकतोडा कुठे उडाला? मामी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. मग एका सकाळी पोर आली, व्यायामाच्या सायकलवर बसली आणि पाय मारू लागली. मामीने सीट जरा वर करून दिली. हंगामाच्या मध्यावर दोन जागांसाठी पुन्हा निवड होणार होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या चाचणीला नणंदबाई स्वतः आल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून भिंतीजवळच्या बाकावर बसल्या, भावजयीकडे बघितलंही नाही. मामीने टेप पसरली. भाची डाव्या पायावर उभी राहिली, श्वास घेतला आणि अशी झेपावली की पसरलेली टेप संपली. मामीला ती आणखी ओढावी लागली. दुसरी उडी त्याहून लांब. उतरताना पोर कोलमडली, पुन्हा उभी राहिली.

नणंदबाईंना राहवेना. "अगं, जरा बेताने मार," त्या कुजबुजल्या, "नंतर तुलाच जड जाईल."

भाचीने आईकडे बघितलं आणि तिसरी उडी सगळ्यांत लांब मारली.

मग उजवा पाय. पहिली उडी कमी पडली. दुसरीही. गोळाफेकवाल्याने हातातलं वजन खाली ठेवलं. पोरीने डोळे मिटले, उघडले आणि उडी मारली. धप्पकन उतरली, हात पसरले, डगमगली, पण पाय हलवला नाही. टाचेमागे मामीने खडू ओढला. नुसत्या डोळ्यांना दिसत होतं, पाय जवळ पोचला होता. पुरेसा जवळ. मामीने टेपचं एक टोक खुणेवर धरलं की दुसरं सुटून यायचं.

नणंदबाई बाकावरून उठल्या. गुडघे धरत कशाबशा खाली बसल्या आणि टेपचं दुसरं टोक स्वतः बोटाने दाबून धरलं.

"नीट मोज," त्या म्हणाल्या. "घरची आहे म्हणून सूट देऊ नकोस."

मामीने नीट मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं आणि डॉक्टरांना हाक मारली.