निवटी सिंगापूरची

सुनेत्राचे बाबा बोटीवर होते आणि या खेपेला त्यांची बोट सिंगापूरला लागली होती, हे अख्ख्या नववी ‘ब’ला तोंडपाठ झालं होतं. गोदाच्या तर स्वप्नातसुद्धा सिंगापूर यायला लागलं होतं. माणसाचा बाप एक तर बोटीवर असावा, नाहीतर केस तरी कमरेपर्यंत असावेत. सुनेत्रा मेलीकडे दोन्ही होतं!

भूगोलाच्या प्रदर्शनाला विषय होता नदी. शाळेतलं एकच मॉडेल देवरूखला जाणार होतं, आणि ते करणारी मुलगी आठल्येबाईंबरोबर एस.टी.नं जाणार. ती मुलगी आपणच, हे गोदानं घरी सांगूनही टाकलं होतं. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला कंठ फुटला होता. देवरूखला मिरवायला आईची जांभळी पर्सही तिनं मागून ठेवली होती.

गोदा राहायची भाट्याच्या पुलापलीकडे. तिनं साखरप्याकडून खाली येणारी काजळी नदी केली होती. डोंगर खऱ्या जांभ्याचे, पूल काडेपेटीच्या काड्यांचा, आणि खाडीचा चिखल म्हणजे खाडीचाच चिखल, सकाळी ओहोटीला जाऊन डबाभर आणलेला.

“ई, वास येतोय गो,” नाकाला रुमाल लावत सुनेत्रा म्हणाली.

“खाडी आहे ती! अत्तराची बाटली नव्हे.”

पण खरं सांगायचं तर पोरींची झुंबड होती सुनेत्राच्याच टेबलाशी. तिथं पत्र्याच्या ट्रेमध्ये सिंगापूरची नदी होती. तळाला निळा रंग, वर स्वच्छ पाणी, काठाला सिमेंटच्या पायऱ्या, आणि नाकाडावर डोळे रंगवलेल्या मालवाहू होड्या. सुनेत्रा गोड आवाजात सांगत होती, “ही नदी आधी अगदी गटार झालेली. तेलाचे तवंग, कचरा, डुकरांच्या गोठ्यांची घाण. मग सरकारनं होड्या बाहेर हलवल्या, गाळ काढला, नाले बांधून काढले. दहा वर्षं चाललं होतं.”

“केवढी गो लांब?” गोदानं मुद्दाम विचारलं.

“तीन-एक किलोमीटर.”

“बस्स? आमच्याकडे एवढ्याला नदी नाही, व्हाळ म्हणतात!”

पोरी हसल्या, पण टेबलापासून एकही हलली नाही.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. गोदा आपल्या काजळीजवळ फुगून बसली होती, तेवढ्यात चिखल हलला. त्यातून दोन बटबटीत डोळे वर आले. निवटी! चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा, डब्यातून न बोलावता आलेला. गोदानं निवटीकडे बघितलं. मग सुनेत्राच्या आरशासारख्या पाण्याकडे बघितलं. आणि दारात कुणी नाही एवढं बघून तिनं चिखलासकट निवटी उचलली नि टुबुककन सिंगापुरात सोडली. होऊ दे पाणी गढूळ! होऊ दे होड्या आडव्या!

होडी एकच हलली. चिखल गुपचूप तळाला बसला. निवटी पाण्यात राहत नाही, काठावर चढून बसते, हे भाट्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण जळफळाटात गोदा आपली खाडीच विसरली होती. निवटी पायरीवर चढली आणि राणीसारखी बसून राहिली.

एवढ्यात घंटा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले, मागून बाई, मागून सगळा वर्ग. परीक्षक ट्रेवर वाकले आणि चष्मा सावरत म्हणाले, “अरे वा! नदी साफ झाल्यावर जीव परत आले, हे दाखवलंय होय?”

सुनेत्रानं निवटीकडे पाहिलं. मग गोदाच्या चिखलानं भरलेल्या बोटांकडे पाहिलं. आणि अगदी शांतपणे म्हणाली, “होय सर.”

निवटी माझी आहे! गोदाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पुढचा प्रश्न आला असता, ती तिथं गेली कशी? वक्तृत्वात पहिली आलेल्या गोदाच्या तोंडातून शब्द फुटला नाही. देवरूखला सिंगापूर निघालं. काजळी शाबासकी घेऊन इथंच राहिली.

शाळा सुटल्यावर सुनेत्रा तिला वर्गातच गाठून म्हणाली, “काय गो, हात धुतलेस का?”

गोदानं बोटं स्कर्टला पुसली.

“बाईंना नाही सांगितलं मी. पण ती निवटी टेबलाखाली उडालीय आणि मला धरवत नाही. शी, किती बुळबुळीत! परीक्षकांना आवडली म्हणजे देवरूखला न्यायलाच हवी, आणि तिथं तिनं उडी मारली तर?”

गोदानं टेबलाखाली वाकून एका झटक्यात निवटी मुठीत धरली. सुनेत्रा किंचाळून दोन हात मागे सरली. केस कमरेपर्यंत, बाप बोटीवर, आणि एक निवटी धरवत नाही! गोदाला आठवड्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

“मी आले तरच ही येईल,” ती म्हणाली. “बाईंना तू सांगायचंस. आणि खिडकी माझी.”

“खिडकी माझी! मला गाडी लागते.”

“मग धर,” म्हणत गोदानं मूठ पुढे केली.

“बरं बरं, तुझी! तुझी!”