भोंग्यातून निघालेला थेंब

तुम्हाला ऐकू येत होतं. नाही म्हणू नका. खिडक्या उघड्या होत्या, माझं तोंड तुमच्याकडेच होतं आणि माझा आवाज तीन गल्ल्यांपलीकडचं झोपलेलं कुत्रं उठवतो. तरी तुम्ही हातातलं काम सोडलं नाहीत. कुणी टीव्ही मोठा केलात, कुणी खिडकी लावून घेतलीत. "चालली पाणीखात्याची गाडी," एवढं म्हणालात आणि विषय संपवलात.

मी भोंगा बोलतोय. पाणीखात्याच्या गाडीच्या टपावर बांधलेला, करड्या रंगाचा, डाव्या बाजूला चेपलेला. आजवर सगळं दुसऱ्यांचं बोललो. आज पहिल्यांदा माझं सांगतोय, आणि तेही खरं म्हणजे एका बाईंचंच आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. पत्रा वळवला, ठोकला, रंगवला, मागे यंत्र बसवलं आणि एका कारागिरानं माझ्यातून पहिले शब्द उच्चारले, "हॅलो, हॅलो." बरेच दिवस मला वाटायचं, ते माझं नावच आहे.

माझा पहिला मालक हातगाडीवर चादरी विकायचा. बोलायला पक्का. "माझे सासरे बारा वर्षं हीच चादर पांघरतात. सासरे झिजले, चादर नाही!" बायका हसत हसत खाली यायच्या आणि सासऱ्यांची तब्येत विचारून चादर घेऊन जायच्या. ऐकवणं आणि ओरडणं यांत फरक असतो, हे मला तिथं कळलं. पुढं त्याला दुकान मिळालं आणि मला पाणीखातं.

खात्यात मी ओरडायला शिकलो. "याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव..." कुणी कळवलं, कुणाला कळवलं, कारण काय, काही पत्ता नाही. वाचणारा कारकून भला माणूस होता, पण वाक्य संपेपर्यंत गाडी दोन वळणं घ्यायची. अर्धं वाक्य एका गल्लीला, अर्धं दुसरीला. मला राग यायचा. एवढं मोठं तोंड दिलंत, मग त्यात शब्द का असे भरता, जे कुणाच्या कानात शिरू नयेत म्हणूनच घडवल्यासारखे वाटतात?

मग ती दुपार आली.

उतारावरच्या खालच्या गल्लीत दोन दिवसांत अकरा जण जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात गेले होते. बहुतेक लहान मुलं. तपासणीचा अहवाल आला, पाण्यात मैला मिसळतोय. गल्लीला पाणी संध्याकाळी पाच ते सहा, एकच तास यायचं. आम्ही साडेतीनला पोचलो. म्हणजे हातात दीड तास होता. पाच वाजता नळ सुटले की सगळी गल्ली पुन्हा तेच पाणी भरणार होती.

नेमका त्या दिवशी कारकुनाचा घसा बसला होता. म्हणून माइक दिला काटेवालीच्या हाती. ती घरोघर जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे टिपायची, म्हणून सगळे तिला काटेवाली म्हणत. याच गल्लीत तिची आत्या राहायची. आत्याची मोठी नात आदल्या दिवसापासून दवाखान्यात होती. धाकटी, दीड वर्षांची, आत्याच्या कडेवर होती.

काटेवालीनं कागद वाचला. "सदर परिसरातील नागरिकांनी जलवाहिनीस विद्युतपंप जोडू नये व पाणी उकळूनच प्राशन करावे." कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचं मशीन खडखडत राहिलं. आत्या मात्र दारात आली.

"अगं, काचेसारखं पाणी आहे! वास नाही, रंग नाही. पोरीला बाधलं ते बाहेरचं काहीबाही खाऊन."

"आत्या, निदान आज तरी मोटर लावू नकोस."

"नको लावू? मग वरच्या मजल्यावर पाणी काय तुझा साहेब डोक्यावरून आणणार?"

समोरच्या ओट्यावरच्या बायका खळखळून हसल्या. काटेवालीचे कान लाल झाले. तिनं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गाडीतून उतरली.

आता ही आपल्या शब्दांत सांगणार, असं मला वाटलं. नाही. ती आधी विचारायला गेली. शिंपीकाकांच्या दुकानासमोर केबलसाठी रस्ता खोदला होता आणि त्या खड्ड्यात आमच्या खात्याचा प्लंबर उतरला होता. ती काठावर गुडघे टेकून बसली.

"दादा, पाइप फुटला असेल तर पाणी बाहेर यायला हवं. घाण आत कशी जाते?"

"तुला काय करायचंय? तू वाच कागद."

"वाचला. मलाच कळला नाही."

प्लंबर हसला आणि त्यानं सांगितलं. ती "थांबा, परत सांगा" म्हणाली. त्यानं परत सांगितलं. तिसऱ्यांदा तिनंच त्याला सांगितलं आणि "बरोबर आहे का?" विचारलं. त्यानं मान हलवली. तेव्हा कुठं ती गाडीत येऊन बसली. वीस मिनिटं तिथंच गेली होती. चालक काका घड्याळाकडे बघून चुळबुळत होते.

तिनं माइक तोंडाजवळ धरला आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"परवा संध्याकाळी पाच वाजता टाकीतून एक थेंब निघाला. अगदी स्वच्छ. शाळेच्या भिंतीखालून आला, उतारावर धावला आणि आपल्या गल्लीत वळला. शिंपीकाका, तुमच्या पायांखालून."

मशीन थांबलं.

"तिथं केबलसाठी खोदताना पाइपला चीर पडली आहे. नखाएवढी. आणि बाहेर, वीतभर अंतरावर, मैल्याचा पाइप पाझरतोय. पण थेंब घाबरला नाही. त्याच्या मागून पाण्याचा जोर होता. आत जोर असला की बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. थेंब तिथून निसटला आणि घागरीत पडला. सुखरूप."

"मग पोरं का आजारी पडली?" वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं.

"तिथंच येतेय, वहिनी. सहा वाजले. टाकीवर पाणी बंद झालं. पाइप रिकामा व्हायला लागला. तेव्हा आपण काय करतो?"

माहीत सगळ्यांना होतं.

"आपण म्हणतो, थांब, अजून एक घागर निघेल. आणि मोटर चालू ठेवतो. मीही ठेवते, माझ्या घरी. मोटरला डोळे नाहीत. तिला फक्त ओढणं ठाऊक. पाणी असलं तर पाणी ओढेल, नसलं तर जे सापडेल ते. या गल्लीत नऊ मोटरी आहेत, मला मीटरवरून माहीत आहे. नऊ मोटरी एकदम रिकाम्या पाइपला ओढतात. आणि त्या पाइपला बाहेरून काही आत घ्यायला जागा एकच आहे. ती चीर."

ती थांबली. मी वर्षानुवर्षं आवाज फेकलाय. शांतता फेकायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

"म्हणजे शेवटची घागर..." आत्या म्हणाली. कडेवरची पोर तिच्या कानातल्याशी खेळत होती. "शेवटची घागर मी पिण्यासाठी वेगळी ठेवते गं. सगळ्यांत ताजी म्हणून."

ओट्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "मीपण." दुसरी पदराचं टोक तोंडाशी धरून उभी राहिली. सगळी गल्ली वर्षानुवर्षं तेच करत होती. आधीच्या घागरी धुण्याभांड्यांना, शेवटची पोरांना प्यायला.

काटेवालीच्या हातात मोठं हत्यार आलं होतं. दोन वाक्यांत ती आत्याला जन्मभराची शिक्षा देऊ शकली असती. ती म्हणाली, "तू चांगलं समजूनच ते पाणी पोरींना दिलंस, आत्या. चीर कुठं आहे, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या खात्यानंसुद्धा नाही."

एवढ्यात गाडीतला फोन वाजला. साहेब होते. कुणीतरी चुगली केली होती.

"काय लावलंय हे? कागदावर आहे तेवढंच वाच!"

"कागद वाचून झाला, साहेब. आता लोकांना सांगतेय."

हेही माझ्यातून सगळ्यांना ऐकू गेलं, कारण ती बटण बंद करायला विसरली होती. निदान नंतर तिनं साहेबांना तसं सांगितलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना आत्या घरात गेली. बाहेर आली तेव्हा मोटरची वायर तिच्या हातात होती, मनगटाला गुंडाळलेली.

"काढली बाई, मुळासकट काढली. घरातलं भरलेलं पाणीही ओतून टाकलं. आता पुढचं सांग. थेंबाचं काय झालं?"

"थेंब खड्ड्यापाशी थांबलाय. चीर बुजवल्याशिवाय तो पुढं येणार नाही. तोवर जे पाणी येईल ते उकळायचं. चांगलं खळखळा."

मग दुसऱ्या घरातून वायर बाहेर आली, तिसऱ्या घरातून आली. पाच वाजता नळ सुटले. मोटरींच्या घरघरीशिवाय ती गल्ली मी कधी ऐकलीच नव्हती. घागरींत बारीक धार पडत होती आणि कुणीही कुणावर ओरडत नव्हतं. पाणी वर चढत नव्हतं म्हणून खालच्या मजल्यावरच्यांनी वरच्यांना भरून दिलं.

चार दिवसांनी दवाखान्यात त्या गल्लीची नवी नावं येणं थांबलं. आत्याची थोरली नात घरी आली, वाळलेली, पण भांडायला तयार. धाकटीला काही झालं नाही.

लोक म्हणतात, गोष्टी मुलांना झोपवण्यासाठी असतात. साफ खोटं! त्या दिवशी मी गोष्टीनं एक अख्खी गल्ली जागी होताना पाहिली. गोष्ट म्हणजे थाप नव्हे. आधी काय झालं, मग काय झालं, त्यामुळे काय झालं, आणि त्यात मी कुठं उभा आहे, एवढं नीट मांडायचं. जमिनीखालचे पाइप, दाब, मोटरी, नऊ घरांच्या सवयी, हा सगळा गुंता खात्याच्या नंतरच्या अहवालातही होता, तीस पानांत. काटेवालीनं तो एका थेंबाच्या पाठीवर बसवून दारोदार फिरवला. हे कौशल्य आहे, आणि ते खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकल्याशिवाय येत नाही.

साहेबांनाही पटलं. त्यांनी ती गोष्ट टाइप करून घेतली. "सदर थेंब टाकीतून मार्गस्थ झाल्यानंतर..." इतर भागांत ती वाचली गेली. कुणी खिडकीसुद्धा उघडली नाही.

आता मी म्हातारा झालोय. कडा गंजल्या आहेत, पावसाळ्यात 'श' म्हटलं की शिट्टी वाजते. लवकरच मला काढून नवा भोंगा बसवतील. त्याच्यासमोर जो कुणी उभा राहील, त्याला माझं हात जोडून सांगणं आहे. बाबा रे, आवाज वाढवू नकोस. आधी समजून घे, आणि मग समोर एक माणूस बसलाय असं धरून बोल.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. चीर बुजवली, मैल्याचा पाइप बदलला, पाणी तपासून झालं. कारकुनाचा घसा बरा होता. त्यानं खणखणीत वाचलं, "याद्वारे कळविण्यात येते की, सदर पाणी पिण्यायोग्य आहे." घराघरांत पातेली तशीच उकळत राहिली. कारकुनानं दोनदा वाचलं, तीनदा वाचलं.

शेवटी शिंपीकाकांनी मशीनवरून मान वर केली आणि दोरा दातानं तोडत म्हणाले, "अहो, आमच्या लेखी तो थेंब अजून खड्ड्यापाशीच उभा आहे. काटेवालीला पाठवा. तिनं त्याला घरी आणून सोडलं, की पिऊ आम्ही पाणी."