जाळीखाली

डॉक्टर नरमीनने बाटली तिरकी केली आणि तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या ओल्या गॉजवर ओघळल्या. बयूमीने तोंड भिंतीकडे फिरवलं. इन्शिराहने त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. नवऱ्याचा पाय असा धरणं आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

इजिप्तमधल्या दमियात शहरात एके काळी नव्या नवरीच्या घरी बयूमीच्या हातच्या नक्षीच्या खुर्च्या जायच्या. साखरेच्या आजाराने पाय बधिर झाले, आणि टाचेत खिळा घुसला तरी त्याला कळलं नाही. कळलं ते वासावरून. मग इंजेक्शनं झाली, गोळ्या बदलल्या, पण जखम टाच खातच राहिली. गुडघ्याखालून पाय काढायचं ठरत आलं, तेव्हा नरमीनने ही शेवटची वाट सुचवली. माश्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, अंडी निर्जंतुक केलेली. अळ्या फक्त मेलेलं मांस खातात, आणि औषधांना न जुमानणारे जंतूही त्यांच्या लाळेने मरतात, असं तिने दोघांना समजावलं होतं.

किडे लागायचेच असतील तर कबरीत लागू देत, एवढंच बयूमी म्हणत राहिला. अखेर इन्शिराहने त्याला राजी केलं. कसं, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. वाद घालायचं त्राण दोघांतही नव्हतं.

जखमेवर बारीक जाळी चिकटवून त्यांना घरी पाठवलं. त्याच संध्याकाळी मुलगा वजीहने आईला बाजूला घेतलं आणि बायको लेकराला घेऊन माहेरी जातेय, असं खाली मान घालून सांगितलं. इन्शिराह बरं म्हणाली. तिची बहीण डाळीचं पातेलं दारातूनच देऊन गेली. खोलीत दोघंच उरली.

जाळीवरचं कापड भिजलं की ती बदलायची. खाली अळ्या टपोऱ्या होत चालल्या होत्या.

"काय करतायत?" छताकडे बघत बयूमी विचारायचा.

"जेवतायत."

"चला, या घरात कुणीतरी पोटभर जेवतंय."

ती हसायची नाही, पण कापड बदलताना तिचा हात जरा हलका पडायचा.

दवाखान्यात परत गेल्यावर नरमीनने जाळी सोडवली आणि अळ्या धुऊन काढल्या. काळं-पिवळं सगळं गेलं होतं. खाली लाल, ओलसर मांस दिसत होतं. नर्स खुशीत पुढे झुकली.

"हाज्जा, पाय वाचला म्हणा," नरमीन इन्शिराहला आदराने म्हणाली. "अजून एकदा अळ्या लावू. मग जखम भरायला लागेल. काही महिने पट्टी मात्र रोज बदलायची."

इन्शिराहने देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. थोड्या वेळाने नर्सने बयूमीची चाकाची खुर्ची तिच्याशेजारी आणून लावली आणि स्वतः औषधं आणायला गेली.

"तुला आनंद झाला नाही," बयूमी म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

नेहमीसारखं मुलाच्या नावाने, वजीहचा बाप म्हणून, हाक मारत ती बोलली.

"मी बहिणीला म्हणाले होते, अबू वजीह. पाय एकदाचा काढला की मी सुटेन."

"ठाऊक आहे. दार उघडं होतं."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःचे हात बघत होता. तासणी धरून धरून पडलेले घट्टे आता मऊ झाले होते.

"म्हणून अळ्या नको म्हणत होतात?"

"तुझ्यासाठी म्हणालो असतो, तर मी फार भला माणूस ठरलो असतो," तो म्हणाला. "मीच दमलो होतो, इन्शिराह. किड्यांचं निमित्त."

समोरून कुणीतरी चहाचे पेले घेऊन गेलं. दोघांनीही मागितला नाही. त्याचा पाय खुर्चीच्या फळीवरून घसरला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं. इन्शिराह गुडघ्यांवर हात टेकत उठली, खाली वाकली आणि तिने तो उचलून फळीवर ठेवला.

"सावकाश," बयूमी म्हणाला. "अजून पुष्कळ चालवायचाय."