शिंगांचा कौल

"वहिनी, बाहेर या! हे कोकरू कुणाचं, ते आधी सांगा!"

दीर मेंढवाड्याच्या फाटकाशी उभा राहून ओरडत होता. हातात नुकतंच जन्मलेलं, अजून ओलं कोकरू. वहिनी ओसरीवर लोकर विंचरत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"मेंढीचं," ती म्हणाली.

"थट्टा करू नका. डोकं बघा याचं. गुळगुळीत! पाय बघा, एवढेसे! माझ्या सरदाराचं लेकरू असं असतं?"

गावाची रीत साधी होती. हंगामाच्या तोंडावर खळ्यावर एडक्यांची टक्कर लावायची. जिंकेल तो गावचा एडका, सगळ्या मेंढ्या त्याच्या. बाकीचे नर त्याच दिवशी खच्ची करायचे, म्हणजे कळपात कमजोर रक्त शिरायला नको. गेल्या हंगामात दिराचा सरदार जिंकला. त्याची शिंगं दोन वेटोळी घेऊन परत डोळ्यांपर्यंत आलेली. दीर तेव्हापासून गावातून असा चालायचा, जणू टक्कर त्यानंच मारली होती.

आणि वहिनीकडे होता खुजा. तिचा नवरा गेला त्याच आठवड्यात जन्मलेला, आई मेलेला, तिनं चुलीपाशी ठेवून बाटलीनं वाढवलेला. शिंगांचा पत्ता नाही, अंगभर लोकर. खच्ची करणारा म्हातारा आला तेव्हा त्यानं सवयीनं डोकी चाचपली, शिंगं हाताला लागली नाहीत, म्हणून खुज्याला मेंढी समजून पुढं गेला. वहिनीनं तेव्हा सांगायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण त्या घरात तिच्या हाकेला ओ देणारं तेवढंच एक उरलं होतं.

आता नव्वद मेंढ्यांपैकी अठ्ठावीसच व्याल्या होत्या, आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कोकरांची डोकी गुळगुळीत.

"तुमचा खुजा एडका निघाला, त्यानं सगळ्या मेंढ्या नासवल्या," दीर म्हणाला. "उद्यापासून तुमची मेंढरं कुरणात येणार नाहीत. गावानं ठरवलंय."

"मग खातील काय ती?"

"ते आधी सुचायला हवं होतं."

वहिनीची अकरा मेंढरं. कुरण बंद झालं की महिनाभरात हाडं दिसायला लागली असती. तिच्या हातातली फणी थांबली ती थांबलीच.

भाकड राहिलेल्या मेंढ्यांचं काय झालंय ते बघायला गावानंच जनावरांची डॉक्टरीण बोलावली होती. ती दुपारी आली. मेंढ्या तपासल्या, त्यात काही दोष निघाला नाही. मग म्हणाली, "एडका आणा."

दिरानं सरदाराला ऐटीत पुढं आणलं. लोक शिंगांकडं बघत होते. डॉक्टरीणबाई मात्र खाली वाकली आणि मागून हात घातला. तिथं तोवर कुणीच हात घातला नव्हता.

"एवढ्या मोठ्या जनावराची अंडं एवढीशी? आणि दगडासारखी टणक?"

मग तिनं खुजाही मागवला. त्याला चाचपताना ती चक्क हसली. "हे बघा. निम्म्या वजनाचा एडका, आणि हातात मावत नाहीत."

दोघांचं वीर्य घेऊन तिनं एकेक थेंब सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली धरला. आधी सरदाराचा थेंब दाखवायला दिराला बोलावलं. त्यानं एक डोळा मिटून पाहिलं.

"काहीच हलत नाही की."

"मेलेत सगळे शुक्रजंतू. शेपट्या वाकड्या. आता दुसरा बघा."

दीर बघत राहिला. बराच वेळ. मग बाजूला झाला. वहिनीनं पाहिलं तेव्हा तिला उजेडाची ती गोल चकती नुसती उकळताना दिसली. वारूळ फुटावं तशी लगबग, लाखोंची, सगळी पुढं धावणारी.

"शिंगं नाहीत त्याला मारामारी जमत नाही," बाई म्हणाली. "त्याला मिळते ती चोरून, क्षणभराची संधी. तेवढ्यात दुसऱ्यापेक्षा जास्त जंतू सोडले तरच त्याचं पिल्लू होणार. कारण खरी शर्यत पोटात लागते, खळ्यावर नाही. बिनशिंग्यांत ज्यांची अंडं भरलेली, त्यांचाच वंश टिकत आला. तुम्ही मात्र पिढ्यानपिढ्या शिंगंच निवडलीत, खाली कधी बघितलं नाहीत. ही अठ्ठावीस कोकरं या खुज्याची कृपा समजा."

कुरणबंदी त्या दिवशीच उठली. वहिनीच्या दारात माणसं येऊन खुज्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली. पुढच्या हंगामाला हाच गावचा एडका, असं ठरलं. वहिनीला वाटलं, चला, सुटले.

पण हंगाम आला तसा दीर खळ्यावर उभा राहून म्हणाला, "गावचा एडका म्हणजे टक्कर जिंकलेला. रीत मोडायची नाही. त्यानं सरदाराला हरवावं, मग सगळ्या मेंढ्या त्याच्या."

"भावजी, अहो, दुर्बिणीत तुम्ही स्वतः बघितलंत ना!" वहिनीनं अक्षरशः हात जोडले. "त्याला शिंगंच नाहीत. तो कशानं लढेल?"

"मग गावानं ज्याचं नाव घ्यायचं, तो असला?"

दुर्बिणीत काय दिसलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण रीतीपुढं तोंड उघडायची कुणाची हिंमत झाली नाही. खुजा वहिनीच्या हाकेमागं मुकाट खळ्यावर आला. नाइलाजानं तिनंच हाक मारली होती, दुसऱ्या कुणाची तो ऐकत नव्हता. सरदार वीस पावलं मागं गेला आणि धावत आला. एकच धडक. खुज्याची मान मोडली, तो आवाज खळ्यावरच्या सगळ्यांनी ऐकला.

तर रीतीप्रमाणं सरदार पुन्हा गावचा एडका झाला. ज्याच्या थेंबात एकही जंतू हलत नव्हता, तो. लोकांनी त्याच्या शिंगांना तेल लावलं. वहिनीनं खुज्याला एकटीनं ओढत नेलं आणि बांधाशी पुरलं. रडली, दिराला तोंडभरून शिव्या घातल्या, मग हातपाय धुतले.

कारण खच्ची करणारा म्हातारा त्याच संध्याकाळी घरोघर फिरत होता. तो तिच्या फाटकाशी आला तेव्हा बरोबर दीर होता. आतल्या मेंढरांत खुज्याचा एक नर बच्चा उभा होता, सहा महिन्यांचा, बुटका, बापासारखाच लोकरीत बुडालेला. दिरानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचा हात पाठीवरून मागं गेला आणि तिथंच थांबला. त्याचं स्वतःचं पोराबाळांचं घर, गेल्या वेळच्या बासष्ट भाकड मेंढ्या, समोर अख्खा हंगाम. तो बघायला खाली वाकला नाही.

"वहिनी," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "यात एडका नाही ना एखादा?"

वहिनीनं त्याच्याकडं रोखून पाहिलं.

"नाही भावजी," ती म्हणाली. "शिंगं कुठं आहेत?"