पिन जोडून मोज

गेंड्याने आत शिरल्या शिरल्या शटर खाली खेचलं. गेंडा म्हणायचे ते पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बरोबर त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, आणि साखळीने ओढून आणलेली लाल गाडी. तिचं इंजिन या गॅरेजातल्या दोघा भावांनीच राबून राबून दुप्पट ताकदीचं केलं होतं. आता डाव्या बाजूच्या पत्र्याचा बोळा झाला होता आणि डाव्या सीटवर रक्त वाळलं होतं.

"भर वेगात, वळणावर इंजिन बसलं," गेंडा म्हणाला. "गाडी भिंतीत घुसली. माझ्या भाच्याचा, दाजींच्या पोराचा, पाय गेला, मांडीपासून. पेट्रोलच्या पंपाला करंटच पुरला नाही म्हणतात. वायरिंग कुणी केलं?"

"मी," थोरला म्हणाला. धडधडीत खोटं! थोरला इंजिन बघायचा. विजेचं सगळं काम धाकट्याचं.

गेंड्याच्या हातातला चाकाचा पाना पोटात बसला तसा थोरला दुमडला. गेंड्याने त्याचा उजवा हात ओढत नेऊन बेंचवरच्या लोखंडी वाइसच्या जबड्यात घातला आणि दांडा फिरवला. बोटं आवळली गेली. आणखी अर्धा फेरा, आणि थोरला गुरासारखा ओरडला.

"आता तू मोज," गेंडा धाकट्याला म्हणाला. "वायर खराब निघाली तर याच्या हाताचा भुगा. पंप खराब निघाला तर पुढचं बघू."

मोजायचं कसलं डोंबल! धाकट्याला आपलं पाप आधीच ठाऊक होतं. नवा पंप जुन्याच्या दुप्पट करंट ओढणारा. त्याला जाड वायर हवी होती. पण त्यासाठी सगळ्या सीटा, सगळा गालिचा उचकटावा लागला असता. 'चालतंय की' म्हणून पठ्ठ्याने जुनी बारीक वायरच ठेवली. गाडी देताना व्होल्ट मोजले तेही पिन काढून, म्हणजे पंप जोडलेलाच नसताना. अहो, रिकाम्या हाताने कुणीही ताठच चालतो, डोक्यावर पोतं दिलं की कळतं! पिन काढली की मरतुकडी वायरसुद्धा पुरे व्होल्ट दाखवते.

तेव्हा आळसाने केलं, तेच त्याने आता जाणूनबुजून केलं. मागची सीट उचलली, पंपाची पिन काढली, रिलेत, म्हणजे पंप चालू करणाऱ्या स्विचात, तारेचा तुकडा घालून करंट सोडला आणि मीटरच्या सुया पिनमध्ये खुपसल्या.

"साडेबारा," तो म्हणाला. "बॅटरीला आहेत तेवढेच. वायर ठणठणीत आहे. पंपच खराब."

थोरल्याने मिटलेले डोळे उघडून त्या काढलेल्या पिनकडे पाहिलं. लगेच डोळे पुन्हा मिटून घेतले.

गेंडा वळला. "दाजी, पंप तुम्ही आणलात ना?"

"दुकानदाराने चांगला म्हणूनच दिला..."

"तुम्हीच आणलात!"

पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानशिलावर. दाजी नटबोल्टांच्या डब्यांसकट खाली कोसळले. गेंडा ओरडत होता, रडतही होता, आणि पाना चालूच होता. आधी दाजींनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं. मग त्यांच्या मनाने घेतलं, की पोटच्या पोराचा पाय आपणच घालवला. त्यांनी हात खाली घेतले.

"मार," ते म्हणाले. तोंडातून रक्ताबरोबर एक दात बाहेर पडला. "मार रे. मीच आणला."

हे मात्र धाकट्याच्याने बघवेना. भावाचा हात वाचवायला निघाला, आणि घातलं कुणाच्या गळ्यात, तर त्या पोराच्या बापाच्या! स्वतःचीच किळस आली त्याला.

"थांबा!" तो किंचाळला. "पंप चांगलाय! मी पिन काढून मोजलं!"

"गप बस, गाढवा!" थोरला कळवळून ओरडला. पण आता गप बसून काय उपयोग?

धाकट्याने पिन जोडली आणि तिच्या मागून सुई घुसवली. पंप घरघरला. मीटरवरचा आकडा घसरत घसरत नवावर आला.

"नवावर पंप अर्धमेला," धाकटा म्हणाला. "हळू चालवताना पुरतो. भर वेगात पेट्रोल कमी पडतं. वायर माझी आहे. दादाने हातसुद्धा लावला नाही."

गेंड्याने वाइस सैल केला. थोरल्याची दोन बोटं वाकडी झाली होती, पण हात शाबूत होता. धाकटा आपल्या पायांनी बेंचपाशी आला. थोरला मध्ये घुसला, तर गेंड्याच्या एका ठोशात खाली बसला.

"मी फिरवणार," दाजी म्हणाले.

भिंतीला धरून ते उठले. बाहीने तोंड पुसलं, दांडा धरला. धाकट्याने उजवा हात जबड्यात ठेवला. तो पाहून दाजी थांबले. सुटलो, असं वाटलं धाकट्याला.

"डावा ठेव," दाजी म्हणाले. "उजव्याने जाड वायर टाकायचीय तुला. टाकलीस की मोज. पिन जोडून मोज."

धाकट्याने उजवा हात काढला आणि डावा ठेवला.