ग्लेनिसचं कपाट

गल्लीतल्या चौघा पेन्शनरांनी थंडीवर तोड काढली होती. दुपारी एकाच घरात हीटर लावायचा आणि चौघांनी तिथं जाऊन बसायचं. बाकीची तीन घरं गारठतात, तर गारठू देत. सोमवार नॉर्मनचा, मंगळवार आयव्हीचा, बुधवार ग्लेनिसचा, गुरुवार डोरीनचा.

हीटर गॅसवर चालायचे, आणि मीटरच्या कार्डात आगाऊ पैसे भरले तरच गॅस यायचा. नेमका बुधवारी सकाळी ग्लेनिसच्या मीटरमधला गॅस संपला. मीटरचं कार्ड भरायला पैसे नव्हते आणि पेन्शन शुक्रवारी. खरं सांगितलं असतं तर कुणी खाल्लं नसतं तिला. पण डोरीनच्या तोंडाला कोण लागणार? कुणाकडचा चहा पांचट, कुणाची बिस्किटं मऊ, सगळं ती गल्लीभर करायची. ग्लेनिसला रडू येत होतं आणि डोरीनचा रागही येत होता.

दोन वाजता मंडळी आली. कुणी कोट काढायच्या आत ग्लेनिस म्हणाली, "बरं झालं आलात! हॅरल्डचं हे कपाट तेवढं वर न्यायचंय."

तिच्या गेलेल्या नवऱ्याचं ते कपाट ओकच्या लाकडाचं, चांगलं जाडजूड. नॉर्मन खाली, बायका वर, आणि जिन्याच्या वळणावर ते असं अडकलं की हलेना.

"अगं आयव्ही, ओढ ना! नुसती काय धरून उभी आहेस?" डोरीन खेकसली.

"ओढतेच आहे बाई! नॉर्मनच ढकलत नाहीये."

"मी चेपलो गेलोय इथं!" नॉर्मन खालून ओरडला.

अर्ध्या तासानं कपाट वर पोचलं. ग्लेनिसनं मान तिरकी करून पाहिलं. "छे, खालीच शोभत होतं."

तिघांनी तिचा उद्धार केला, पण कपाट उतरवलं. खाली येईपर्यंत कोट, स्वेटर, टोप्या, सगळं खुर्चीवर पडलं होतं. नॉर्मनचं टक्कल घामानं चमकत होतं.

"काय उकडतंय गं तुझ्याकडे!" डोरीन वारा घेत म्हणाली. "लॉटरीबिटरी लागली की काय? खिडकी तरी उघड."

"पाहुण्यांसाठी हात आखडता घेऊ नये," ग्लेनिस म्हणाली आणि ऐटीत खिडकी उघडली.

विजेच्या किटलीवर चहा झाला. घाम वाळायच्या आत तिनं नॉर्मन आणि आयव्हीला कोट चढवून वाटेला लावलं. डोरीन मात्र रेंगाळली. बूट घालताना ती सवयीनं भिंतीवरच्या हीटरला टेकली आणि दचकून उभी राहिली. मग तिनं त्या थंडगार हीटरवर हात ठेवला. तो तसाच ठेवून तिनं ग्लेनिसकडे पाहिलं.

झालं, ग्लेनिसला वाटलं. आता संध्याकाळपर्यंत गल्लीच्या त्या टोकाला बातमी जाणार.

डोरीननं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"उद्या माझा वार आहे."

"माहीत आहे."

"कपाट सकाळीच नेऊ या का माझ्याकडे?"

"जिना कसा आहे गं तुझा?" ग्लेनिसनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा अरुंद," डोरीन म्हणाली. "दोन तास सहज जातील."